बोलणारा कोण? (रॉक गाण्यांचे मी लावलेले अर्थ)

वॉकमनवाला

गेल्या महिन्यात आतेबहिणीच्या मुलीचं रिसेप्शन होतं, इथेच पुण्यात. नवरा-नवरी स्टेजकडे निघाले आणि डीजेने ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ लावलं. सगळ्यांचे मोबाइल वर. मी मसालेभाताची प्लेट धरून उभा होतो, मला एकदम हसू फुटलं. बायकोने कोपर मारलं, “काय झालं?” म्हटलं, घरी सांगतो. घरी सांगायला बसलो ते इतकं लांबलं की ती झोपून गेली. म्हणून इथे लिहितोय. ज्यांना आत्ताच जांभई आली त्यांनी खुशाल दुसऱ्या धाग्यावर जावं, राग नाही.

तर ते गाणं. द पोलिस या बँडचं, १९८३. चाल अशी की तान्ह्या मुलाला झोपवावं. पण गाण्यातला गडी सांगतोय काय? तू श्वास घे, पाऊल टाक, शब्द मोड, कुणाबरोबर रात्र काढ, माझी नजर आहे तुझ्यावर. हे मंगलाष्टकाच्या आसपास वाजवायचं गाणं आहे का? बँडचा गायक स्टिंग, त्याचं पहिलं लग्न मोडत होतं तेव्हा त्याने ते जमैकात बसून लिहिलं, गोल्डनआय नावाच्या घरात. हे घर मूळचं इयान फ्लेमिंगचं, जेम्स बाँड तिथे जन्मला. हेरकथांच्या घरात पाळत ठेवण्याचं गाणं जमून यावं हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो. एका जोडप्याने स्टिंगला कौतुकाने सांगितलं होतं की आमच्या लग्नात हेच गाणं लावलं होतं. त्याच्या मनात आलं, ‘बरं, शुभेच्छा!’

आता मूळ मुद्द्याकडे यायला थोडं मागे जावं लागेल.

१९९२ साली मी सांगलीत एका वाड्यात खोली घेऊन राहायचो. मी इंजिनिअरिंगला, पार्टनर मिरजेला मेडिकलला. नव्वद मिनिटांची टीडीके कॅसेट, मुंबईच्या एका मित्राने भरून दिलेली. कॉपीची कॉपी. सोबत गाण्यांचे शब्द छापलेला कागद असण्याचा प्रश्नच नव्हता. मी दोनशेपानी वही घेऊन बसायचो. चार शब्द ऐकायचे, थांबवायचं, लिहायचे, मागे घ्यायचं. रिवाइंड केलं की बॅटरी संपते म्हणून कॅसेट पेन्सिलीवर फिरवायची. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ला मला तीन संध्याकाळ लागल्या. सुरुवातीलाच गाडी अडली. वाळवंटातला रस्ता, केसांत गार वारा, इथवर ठीक. मग कशाचा तरी उबदार वास येतो. कशाचा? मला ऐकू आलं ‘कोलायटिस’.

पार्टनरला विचारलं. तो म्हणाला, “आतड्याला सूज येते.” मी म्हटलं, “त्याचा वास येईल का वाऱ्यावर?” तो नुकता वॉर्डमधून आला होता. शांतपणे म्हणाला, “येतो.”

झालं! आमच्या लेखी ते हॉटेल म्हणजे हॉस्पिटल ठरलं. आणि गंमत अशी की पुढचं सगळं त्यात फिट बसत गेलं. दारात उभी असलेली बाई म्हणजे नर्स. मेणबत्ती घेऊन खोली दाखवणं म्हणजे वॉर्डात नेणं. रात्री कॉरिडॉरमधून आवाज येतात. शेवटी रखवालदार सांगतो की तुझं नाव केव्हाही कमी करता येईल, पण तू जाऊ शकणार नाहीस. पार्टनर म्हणाला, “बिल भरलं नसणार.”

शब्द ‘कोलिटास’ आहे हे मला बारा वर्षांनी कळलं. स्पॅनिशमध्ये छोट्या शेपट्या, आणि बोलीत गांजाच्या शेंड्यांना म्हणतात. म्हणजे आमचं हॉस्पिटल जमीनदोस्त. पण त्या चुकीने मला एक सवय लावली, ती अजून सुटलेली नाही. हॉस्पिटल समजल्यामुळे आम्ही गाणाऱ्याला ईगल्स बँडचा डॉन हेन्ली मानलंच नव्हतं, पेशंट मानलं होतं. आणि पेशंट म्हटल्यावर त्याच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न आपोआप आला. तेव्हापासून कुठलंही गाणं ऐकताना मी आधी हेच बघतो की बोलणारा कोण आहे. गाणारा आणि बोलणारा एकच असं धरलं की निम्म्या गाण्यांचा विचका होतो. रिसेप्शनचा झाला तसा.

आता ‘हॉटेल कॅलिफोर्निया’कडे पुन्हा बघा. गाणं १९७६ च्या डिसेंबरात आलेल्या अल्बमचं. सैतानाचं देऊळ, वेड्यांचं इस्पितळ, मादक द्रव्यं, काय काय अर्थ निघाले. हेन्लीने स्वतः सांगितलंय की हा निरागसतेकडून अनुभवाकडे नेणारा प्रवास आहे, लॉस एंजेलिसमधली चंगळ हा विषय आहे. मान्य. पण माझा किडा वेगळाच आहे. हा माणूस सगळी गोष्ट भूतकाळात सांगतोय. मी गेलो, मी पाहिलं, मी दाराकडे धावलो. आणि तिथून कुणीच बाहेर पडत नाही असं त्याला सांगितलं गेलंय. मग हा आपल्याला सांगतोय कुठून? सुटला असेल तर शेवटची ओळ खोटी. नसेल सुटला तर तो आतूनच बोलतोय. आणि आत बोलायला समोर कोण असणार? नवा आलेला गिऱ्हाईक. म्हणजे आपण. सुरुवातीचा पाहुणा शेवटी मेणबत्ती धरून उभा आहे, असं मला वाटतं. हे हेन्लीने कुठेही म्हटलेलं नाही, माझ्या पदरचं आहे.

तुमचे अर्थ सांगा. चुकीचे ऐकलेले शब्द असतील तर आधी तेच सांगा.

कांदेपोहे

पहिला! वाचतोय. मसालेभात कसा होता?

सहावी_तार

मस्त धागा. गिटारवाल्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण शब्दांच्या नादात सुरांकडे दुर्लक्ष होतं.

या गाण्याची चाल आधी आणि शब्द नंतर आले. ईगल्सचा गिटारवाला डॉन फेल्डर, त्याने मालिबूच्या भाड्याच्या घरात बसून टेपवर ती रचली. गाण्याला तात्पुरतं नाव पडलं ‘मेक्सिकन रेगे’. म्हणजे हॉटेल, बाई, रखवालदार यातलं काहीही तेव्हा नव्हतं. पुढे मायामीला रेकॉर्डिंग करताना शेवटचा सोलो फेल्डर नव्याने वाजवायला लागला, तर हेन्लीने अडवलं. म्हणाला, मूळ टेपवर आहे तसाच हवा. टेप राहिली कॅलिफोर्नियाच्या घरी. मग घर सांभाळणाऱ्या बाईंना फोन, त्यांनी कॅसेट शोधली, टेपरेकॉर्डरपुढे रिसीव्हर धरला आणि याने फोनवर ऐकून स्वतःचाच सोलो पुन्हा बसवला. वॉकमनराव, तुमची दोनशेपानी वही आणि हे, एकाच जातीचं काम.

आता अर्थाचं. कडव्यात आठ कॉर्ड्स आहेत. सुरुवात बी मायनरवर आणि शेवट एफ शार्पवर. बी हा षड्ज धरला तर एफ शार्प म्हणजे त्याचा पंचम. त्या जागी थांबलं की कान अस्वस्थ होतो, घरी चल म्हणून ओढ लागते. घर म्हणजे परत बी मायनर, म्हणजे परत पहिल्यापासून तीच आठ घरं. शेवटचा दोन गिटारींचा सोलोही याच आवर्तनावर फिरतो. आणि तो संपत नाही, हळूहळू आवाज कमी होत जातो. बाहेर पडायचं दार चालीतच ठेवलेलं नाही. तुमचा पाहुणा आतूनच बोलतोय याला माझ्याकडून एवढा पुरावा घ्या.

वाजवून बघायचं असेल तर सातव्या घरात कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून बसा. बोटांना आधी कळतं, डोक्याला नंतर.

अडगळ

+१. ईगल्सच्या ९४ च्या अनप्लग्डमध्ये (साध्या, बिनविजेच्या गिटारींवर) मात्र सोलो नीट संपतो आणि टाळ्या पडतात. म्हणजे अठरा वर्षांनी सुटले बिचारे.

शंकेखोर

वॉकमनवाला, लिहिलंय छान पण पटलं नाही. कवीने केलेला एक साधा खेळ आणि त्यावर तुम्ही मजले चढवताय. भूतकाळ वापरला कारण इंग्रजीत गोष्ट भूतकाळातच सांगतात. उद्या म्हणाल ‘एक होता राजा’ म्हणणारी आजी राजवाड्यात कैद होती.

जॉन लेननचा किस्सा ठाऊक असेलच. त्याच्या जुन्या शाळेतल्या एका मुलाचं त्याला पत्र आलं की आमचे मास्तर वर्गात बीटल्सच्या गाण्यांचा अर्थ लावायला देतात. लेननला इतकी मजा वाटली की त्याने ‘आय अ‍ॅम द वॉलरस’मध्ये मुद्दाम वाटेल ते ठासून भरलं, आणि मित्राला म्हणाला, बसू दे आता उकलत. तुम्ही सगळे ते मास्तर आहात.

वॉकमनवाला

@शंकेखोर, आजीचा मुद्दा हसत हसत मान्य. पण आजी ‘एक होता राजा’ म्हणते, ‘मी होते राणी’ म्हणत नाही. ‘मी’ आला की प्रश्न येतो.

आणि लेननच्या किश्शाने माझी बाजू पडत नाही. अर्थ लागू नये म्हणून मुद्दाम रचलेलं आपल्याकडे काय कमी आहे? ज्ञानेश्वरांच्या नावावरचं कूट घ्या. काट्याच्या अणीवर तीन गावं वसली, दोन ओसाड आणि एक वसलंच नाही. शाळेत असताना माझ्या आजोबांनी हे म्हणून दाखवलं, मी म्हटलं, “मग तीन कशी?” आजोबा म्हणाले, “तेच तर.” आणि उठून गेले. कूटात तुम्हाला अडवलेलं असतं, अडवून घेण्यातच मजा. एकनाथांच्या भारुडात विंचू चावला म्हटल्यावर कुणी औषध आणायला धावत नाही.

आणखी एक. ‘घनु वाजे घुणघुणा’ म्हणताना ज्ञानेश्वर विरहिणी होऊन बोलतात. फडावरचे शाहीर मिशीला पीळ देत बाईच्या तोंडची लावणी रचायचे. तिथे आपला कधीच घोळ होत नाही. रॉक ऐकायला बसलो की मात्र आपण धरून चालतो की जो ओरडतोय त्याचंच पोट दुखतंय.

चिंटूची_आई

धागा आवडला, पण एक बोलू का?

‘एव्हरी ब्रेथ’चा अर्थ कळायला मला ना इंटरनेट लागलं, ना स्टिंगची मुलाखत. मी अकरावीला होते. क्लास सुटला की एक मुलगा स्कूटीच्या मागे सायकलवर घरापर्यंत यायचा. काही बोलायचा नाही. फक्त यायचा. पावसाळ्यात रेनकोट घालून यायचा. आई म्हणायची, रस्ता बदल. मी तीन रस्ते बदलले. त्याच वर्षी भावाने हे गाणं घरात लावलं, आणि पहिलं कडवं संपायच्या आत मी उठून खिडकी लावून घेतली. भाऊ म्हणाला, “अगं, प्रेमाचं गाणं आहे.”

तेव्हा वॉकमनवाला, तुमचा प्रश्न आहे बोलणारा कोण. माझा प्रश्न आहे की तो कुणाशी बोलतोय आणि ती काय करतेय. पूर्ण गाण्यात ती एकदाही बोलत नाही. तिने दार लावलंय की देश सोडलाय, काही कळत नाही. त्याला मात्र ती आपलीच वाटते. आपल्या हिंदी सिनेमांनी हिरोला नायिकेच्या मागे मागे फिरवून आपला कान इतका तयार केलाय की पाळत ठेवलेलीही प्रेमच वाटते. रिसेप्शनमधल्या लोकांना इंग्रजी कळत नव्हतं असं नाही हो. त्यांना त्यात काही खटकलंच नाही.

वॉकमनवाला

ताई, दंडवत. हे मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं. खरंच. ‘कुणाशी’ हा प्रश्न पहिला हवा होता. हॉटेलबाबत मी त्याच्या काठापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो.

सहावी_तार

चिंटूची आई, तुमच्या पोस्टनंतर तो गिटारचा तुकडा पुन्हा ऐकला. अँडी समर्सने वाजवलेला, सुटे सूर एकामागे एक, सगळे सारख्या अंतरावर. पाठलागाची चाल आहे ती. आता मला तो रेनकोट दिसतोय. धन्यवाद म्हणू की तक्रार करू?

बे_एरियातला_बंडू

इथे अमेरिकेत दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, आमच्या मंडळाची पिकनिक असते. मिसळ, हॉटडॉग आणि स्पीकरवर ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘बॉर्न इन द यूएसए’. मुठी वर करून सगळे मोठ्याने ओरडतात, त्यात अर्ध्यांचा जन्म नागपूर-नाशिकचा. गाण्यातला माणूस व्हिएतनामहून परतलेला सैनिक आहे, त्याला कारखान्यात काम मिळत नाही, त्याचा भाऊ तिकडेच गेला. तुमच्या ‘बोलणारा कोण’च्या हिशेबात हे चपखल बसतं.

नेत्यांनाही कळलं नव्हतं, तिथे आमची काय कथा. १९८४ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष रेगन प्रचाराला न्यू जर्सीतल्या हॅमंटनला आले आणि भाषणात स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचा दाखला दिला. हे गाणं आधी नुसत्या गिटारवर, खालच्या आवाजात रेकॉर्ड झालं होतं. ते ऐकाल तर मूठ वर जात नाही. मोठे ड्रम आले, सिंथेसायझर आला आणि शब्द झाकले गेले. सहावी_तार, तुमच्या गाण्यात सुरांनी अर्थ वाढवला, इथे गिळला. (की गिळला जाणं हाच अर्थ आहे? असंही म्हणणारे आहेत, आणि मलाही कधी कधी तसंच वाटतं.)

अवांतर: मेक्सिकोत तोदोस सांतोस नावाच्या गावात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नावाचं खरंखुरं हॉटेल आहे. १९५० पासूनचं. आम्ही काबोला गेलो होतो तेव्हा मुद्दाम वाट वाकडी केली. आत जाऊन कॉफी प्यायलो, टी-शर्ट बघितले, आणि बाहेर पडलो. अगदी सहज बाहेर पडलो. ईगल्सने २०१७ साली त्यांच्यावर दावा लावला की गाण्याशी नातं नसताना असल्यासारखं दाखवतात. पुढच्याच वर्षी तो आपसात मिटला.

कांदेपोहे

टी-शर्ट घेतला का नाही मग?

बे_एरियातला_बंडू

घेतला. बायकोला सांगू नका, हरवला म्हणून सांगितलंय.

पाचगणीकर

उशिरा येतोय, पण क्वीन बँडचं ‘बोहेमियन रॅप्सडी’ कुणीच काढलं नाही याचं नवल वाटलं. आमच्या डोंगरावरचा माणूस तो.

फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा, झांजिबारच्या पारशी घरातला. आठव्या वर्षी आईवडिलांनी बोटीने इकडे पाठवला, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. तिथेच पियानो, तिथेच पहिला बँड, नाव ‘द हेक्टिक्स’. मी त्याच्यानंतर वीसेक वर्षांनी पाचगणीतच होतो, दुसऱ्या एका शाळेत. तेव्हा मी लावलेला अर्थ बोर्डिंगमधल्या पोराचा आहे, तो तसाच घ्या.

दर रविवारी नाश्त्यानंतर आम्हाला घरी पत्र लिहायला बसवायचे. पहिली ओळ ठरलेली: मी इथे मजेत आहे. खरं काय असेल ते लिहायची सोय नव्हती, कारण पत्रं उघडीच मास्तरांकडे द्यायची. मी सहावीत असताना एका मुलाच्या डोक्यात बॅट मारली होती. टाके पडले त्याला. त्या रविवारी मी आईला लिहिलं की टेबललँडवर सहल छान झाली.

आता गाणं ऐका. मुलगा आईला हाक मारून सांगतो, मी माणूस मारला. उद्या या वेळी परत आलो नाही तरी तू तुझं चालू ठेव. हे न पाठवलेलं पत्र आहे. कोर्ट, गॅलिलिओ, फिगारो, सैतान हे सगळं नंतर येतं, तापात दिसावं तसं. एक बाजू म्हणते सोडा त्याला, दुसरी म्हणते बिस्मिल्ला, सोडणार नाही. किती माणसं ओरडताहेत असं वाटतं, आणि प्रत्यक्षात तीनच गळे आहेत: मर्क्युरी, मे आणि टेलर. एकावर एक इतक्या वेळा भरले की टेप झिजून आरपार दिसायला लागली, असं ब्रायन मे सांगतो. पोराच्या डोक्यात असंच असतं. तीनच मास्तर असतात, आवाज दोनशेंचा येतो.

शंकेखोर

पाचगणीकर, पत्राचं वाचून गलबललं. पण वॉकमनरावांच्याच नियमाने तुम्ही बाद. गाणारा आणि बोलणारा वेगळा धरायचा ना? मग फ्रेडी पाचगणीला होता की पन्हाळ्याला, काय फरक पडतो? शिवाय त्याने स्वतः आयुष्यभर अर्थ सांगायचं टाळलं, ज्याने त्याने ठरवावं म्हणाला. त्याच्या तोंडी पत्र घालणारे आपण कोण?

पाचगणीकर

बरोबर आहे, फ्रेडीचं पत्र आहे असं मी म्हणतच नाही. माझं आहे. मला ते गाणं ऐकताना बॅटचा आवाज येतो, त्याला तो काय करणार!

पण अर्थ सांगायचं टाळलं की काय होतं त्याचं एक उदाहरण देतो. इराणमध्ये २००४ साली क्वीनच्या गाण्यांची कॅसेट सरकारी परवानगीने निघाली. सोबत अर्थ सांगणारा कागद होता. त्यात या गाण्याचा अर्थ असा दिला होता: एका तरुणाच्या हातून चुकून खून होतो, त्याने जर्मन दंतकथेतल्या फाउस्टसारखा आत्मा सैतानाला विकलेला असतो, फाशीच्या आदल्या रात्री तो ‘बिस्मिल्ला’ म्हणून देवाला हाक मारतो आणि देवदूतांच्या मदतीने आत्मा परत मिळवतो. मला हा अर्थ वाईट वाटत नाही. फक्त मूळ गाण्यात बिस्मिल्ला म्हणणारे लोक त्याला सोडायला तयार नसतात, ते त्यांनी अलगद फिरवलं. आणि दुसरीकडे टिम राइससारखा गीतकार म्हणतो की मारलेला माणूस म्हणजे फ्रेडीने जगाला दाखवलेला जुना फ्रेडी, समलिंगी असल्याची ही कबुली आहे. एकच गाणं, तेहरानमध्ये तौबा आणि लंडनमध्ये कबुली.

चिंटूची_आई

आणि दोन्हीकडे आई गप्पच. ‘मामा’ म्हणून चारदा हाक मारतो, तिचं उत्तर नाही. पाचगणीकर, तुमच्या आईला कळलं का कधी बॅटचं?

पाचगणीकर

कळलं. मास्तरांनी वेगळं पत्र पाठवलं होतं. ती मला बावीस वर्षांनी म्हणाली, माझ्या मुंजीचे फोटो लावत बसलेली असताना. तोवर एक शब्द नाही.

डब्लिनची_दीपा

रोमात (नुसती वाचत) होते, आता राहवलं नाही. ‘झॉम्बी’बद्दल लिहिते. क्रॅनबेरीज बँडचं, १९९४. कॉलेजात आम्ही हे गाणं हॉरर म्हणून ऐकायचो, गॅदरिंगला तोंडाला पांढरं फासून नाचलोय त्यावर. लाज वाटते आता.

१९९३ च्या मार्चमध्ये इंग्लंडमध्ये वॉरिंग्टनच्या बाजारपेठेत आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने कचऱ्याच्या डब्यांत बाँब ठेवले. दोन मुलं गेली, एक तीन वर्षांचं, एक बारा वर्षांचं. बँडची गायिका डोलोरेस ओरिऑर्डनने ते ऐकून हे गाणं लिहिलं. ती लिमरिकची, म्हणजे आयर्लंडची. ‘आमच्या नावावर हे करू नका’ असं आपल्याच माणसांना सांगणं आहे ते.

इथे राहायला आल्यावर कळलं की प्रकरण तेवढ्यावर मिटत नाही. २०२३ च्या रग्बी विश्वचषकात पॅरिसमध्ये आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेला हरवलं आणि हजारो आयरिश प्रेक्षकांनी हे गायलं. लगेच वाद. उत्तर आयर्लंडमधले काही म्हणाले, आम्ही जे सोसलं त्याचा यात पत्ता नाही. दुसरे म्हणाले, शांततेचं गाणं आहे, गाऊ दे. माझ्या ऑफिसात एकाच टेबलावर दोघे बसतात, एक उत्तरेतल्या बेलफास्टचा, एक दक्षिणेतल्या कॉर्कची. त्या सोमवारी दोघांनी दुपारपर्यंत एकमेकांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तेव्हा ‘ज्याने त्याने आपला अर्थ लावावा’ हे पुण्यात बसून म्हणायला सोपं आहे, शंकेखोर. इथे कुणी म्हणत नाही.

शंकेखोर

मी तर उलट अर्थ लावूच नका म्हणतोय! पण मुद्दा पोहोचला. चूक झाली.

अडगळ

वातावरण गंभीर झालंय म्हणून: ब्रायन अ‍ॅडम्स. ‘समर ऑफ सिक्स्टी-नाइन’. जन्म नोव्हेंबर १९५९. म्हणजे ६९ च्या उन्हाळ्यात पोरगं नऊ वर्षांचं. बँड काढला, पोरीच्या आईच्या अंगणात उभा राहून आणाभाका ऐकल्या, आयुष्यातले सर्वांत छान दिवस संपले, सगळं चौथी पास व्हायच्या आत.

सोबत गाणं लिहिणारा जिम व्हॅलन्स म्हणतो ते सालच आहे. अ‍ॅडम्स डोळा मारून म्हणतो, आकडा आहे, साल नाही. इथे लहान मुलं वाचत असतील म्हणून पुढे लिहीत नाही. आमच्या कॉलेजच्या निरोप समारंभात प्राचार्यांनी खास फर्माइश करून हे गायला लावलं होतं.

सहावी_तार

फुटलो. बोलणारा कोण, तर चौथी ब चा मॉनिटर.

वॉकमनवाला

दोन दिवस प्रवासात होतो, धागा कुठच्या कुठे गेला. सगळ्यांना एकदम उत्तर देत नाही, पण दीपाताईंच्या टेबलावरचे ते दोघे डोक्यातून जात नाहीयेत.

एक ताजी बातमी द्यायची आहे. बायकोने हा धागा वाचला (जागेपणी), आणि नवरीला, म्हणजे माझ्या भाचीला, लिंक पाठवली. मला विचारलं नाही. काल भाचीचा फोन. म्हणाली, “मामा, ते गाणं डीजेने नाही निवडलं, ह्याच्या मित्रांनी निवडलं.” म्हटलं, का? तर जावईबापूंचा धंदा सीसीटीव्ही बसवायचा. पिंपरीतल्या पन्नासेक सोसायट्यांत त्यांचे कॅमेरे आहेत. लग्न ठरल्यापासून मित्र त्यांना याच गाण्यावरून छळत होते. स्टेजच्या डाव्या बाजूला जी टवाळ पोरं फिदीफिदी हसत होती, ती यालाच. मी समजत होतो की त्या हॉलमध्ये अर्थ कळलेला मी एकटा आहे.

भाची पुढे म्हणाली, “आणि मी त्याला सांगून ठेवलंय, घरात एकही कॅमेरा लागणार नाही.” चिंटूची आई, हे खास तुमच्यासाठी.

चिंटूची_आई

तिला माझ्याकडून आशीर्वाद. बोलली एकदाची.

कांदेपोहे

सगळं झालं, पण मसालेभाताचं कुणी सांगितलंच नाही.

वॉकमनवाला

गार होता हो. हसण्याच्या नादात तसाच राहिला.